परंतन ते मुळ्ळिवाय्क्काल: वन्नीतले विस्थापित गेले त्या रस्त्यानं

श्रीलंकेतलं यादवी युद्ध जुलै १९८३ मध्ये पेटलं आणि मे २००९ मध्ये मुल्लैतीवू जिल्ह्यातल्या एका अरुंद वाळूच्या पट्ट्यावर संपलं. शेवटच्या वर्षभरात वन्नीतली, म्हणजे वावुनियाच्या उत्तरेच्या जंगल-तलावांच्या मुलखातली, लाखो माणसं आघाडी मागे येईल तशी पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत गेली. मन्नारच्या बाजूची गावं आधी उठली, मग किलिनोच्ची, मग परंतन–मुल्लैतीवू रस्त्यावरचं एकेक गाव. हा प्रवास त्याच दिशेनं करावा. जाफन्याहून उलट खाली आलं तर गावं सगळी दिसतात, पण कुठल्या गावी माणसांच्या हातून काय सुटलं, हे लागत नाही.

तयारी साधीच. तमिळ बोलणारं माणूस सोबत हवं, शक्यतो बाई, कारण ज्या घरांत बोलायचं तिथे बहुतेक बायकाच आहेत. सैन्याच्या छावण्यांचे फोटो काढायचे नाहीत. ‘तुमच्या घरातलं कोण गेलं?’ असा प्रश्न आधी विचारायचा नाही. शेत, विहीर, मुलांची शाळा यांवर बोलणं सुरू केलं की पुढचं माणसं आपणहून सांगतात, किंवा सांगत नाहीत. दोन्ही मान्य करायचं.

सोमवार: केबितिगोल्लेव, वावुनिया

सुरुवात सिंहली गावांपासून करावी, हे मुद्दाम सांगतो. अनुराधापुरच्या ईशान्येला केबितिगोल्लेव हा सिंहली आणि तमिळ वस्तीच्या सीमेवरचा भाग. १५ जून २००६ रोजी इथे प्रवाशांनी भरलेली बस क्लेमोर सुरुंगानं उडवली गेली आणि ६० हून अधिक माणसं मेली. त्यात शाळकरी मुलंही होती. सरकारनं एलटीटीईला, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या तमिळ वाघांना, जबाबदार धरलं, त्यांनी ते नाकारलं. त्याच्याही आधी वर्षानुवर्षं या पट्ट्यातली माणसं रात्री घरात झोपत नसत. संध्याकाळचं जेवण लवकर उरकायचं, चूल विझवायची आणि चटई घेऊन झाडीत किंवा शाळेच्या इमारतीत जायचं. हल्ला झाला तर तो घरांवर होई, म्हणून घर हीच सगळ्यात धोक्याची जागा ठरलेली. गावच्या तरुणांना सरकारनं होमगार्ड म्हणून बंदुका दिल्या. त्यानं पगार आला, पण शेतावर जाणारा माणूस पहाऱ्यावर गेला. जंगलालगतची शेतं पडीक राहिली आणि रानटी हत्तींनी ती धरली. युद्ध संपल्यावर माणसं परतली, हत्ती हटले नाहीत.

वावुनिया इथून जवळ आहे. मुक्काम तिथेच करावा.

मंगळवार: चेट्टिकुळम, ओमंतै, किलिनोच्ची

सकाळी पश्चिमेला चेट्टिकुळमकडे. मेनिक फार्म म्हणून जगाला ठाऊक झालेली छावणी इथे होती. २००९ च्या मे अखेरीला वन्नीतून बाहेर आलेली अडीच लाखांहून अधिक माणसं वावुनिया आणि आसपासच्या छावण्यांत होती, आणि त्यांतली बहुतेक या एका जागी. भोवती काटेरी तार, बाहेर जायला बंदी. एका तंबूत दोन-दोन, तीन-तीन कुटुंबं. जंगल साफ करून जमीन सपाट केलेली, त्यामुळे सावली नाही, आणि पावसाळ्यात पाण्याला वाट नाही: संडासाचे खड्डे भरून वाहायचे. आज तिथे झुडपं आहेत. छावणी सप्टेंबर २०१२ मध्ये बंद झाली. शेवटी उरलेली कुटुंबं केप्पापिलवू गावची होती. त्यांना ‘घरी’ म्हणून जिथे सोडलं ते त्यांचं गाव नव्हतं, सीनियामोट्टै नावाच्या जागी साफ केलेलं जंगल होतं. त्यांच्या गावात सैन्य बसलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवावी, शनिवारी तिथे जायचं आहे.

परत ए-९ रस्त्याला लागून उत्तरेला ओमंतै. कँडी ते जाफना जाणारा हा रस्ता फेब्रुवारी २००२ च्या युद्धबंदीनंतर खुला झाला आणि ऑगस्ट २००६ मध्ये पुन्हा बंद पडला. ओमंतै ही सरकारी बाजूची शेवटची तपासणी. इथून पुढे काय न्यायचं याची यादी असे, आणि युद्धाच्या निरनिराळ्या काळात त्या यादीतून बॅटरी, डिझेल, सिमेंट, युरिया, औषधं वगळलेली असत. वन्नीतल्या आणि त्याआधी जाफन्यातल्या माणसांनी त्यावर जे काढलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. रॉकेल मिळेना, तेव्हा जॅमच्या बाटलीत तळाशी कापूस ठेवून त्यावर थोडंसंच रॉकेल ओतायचं आणि वात बारीक ठेवायची. अभ्यासापुरता उजेड तेवढ्यावर मिळे. मोटारसायकल पेट्रोलच्या काही थेंबांवर सुरू करायची आणि इंजिन तापलं की रॉकेलवर घ्यायची. त्यानं धूर होई, प्लग काजळून बंद पडे, म्हणून खिशात घासायला कागद असे. रेडिओसाठी सायकल उलटी करून डायनॅमोचं चाक हातानं फिरवायचं. युरियाला मात्र पर्याय निघाला नाही. भाताचा उतारा घटला तो घटलाच.

बाहेर पडण्यालाही दुसऱ्या बाजूनं कुलूप होतं. एलटीटीईचा पास असल्याशिवाय वन्नी सोडता येत नसे, आणि पास देताना घरातलं एक माणूस मागे जामीन ठेवावं लागे. त्यामुळे आजाऱ्याला वावुनियाला न्यायचं तरी घर दोन ठिकाणी तुटे.

मे २००९ मध्ये बाहेर येणाऱ्या प्रत्येकाची नोंद याच ओमंतैला झाली. एलटीटीईत एक दिवस जरी काढला असेल त्यानं नाव सांगावं, असं भोंग्यावरून पुकारलं जाई. नाव सांगून रांगेतून बाजूला झालेल्यांतले पुष्कळ पुनर्वसन केंद्रांतून पुढे घरी आले. काही आले नाहीत.

बुधवार: किलिनोच्ची, इरणमडु

किलिनोच्ची ही एलटीटीईची कारभाराची राजधानी. न्यायालय, पोलीस, बँक सगळं इथे होतं. २ जानेवारी २००९ ला सैन्य आत शिरलं तेव्हा गाव रिकामं होतं. पाण्याची मोठी टाकी माघार घेताना पाडली गेली, आणि नंतर कित्येक वर्षं ती तशीच आडवी ठेवून पर्यटकांना दाखवली जाई. खरं पाहायचं ते शहराच्या पूर्वेला: इरणमडु, उत्तरेतला सगळ्यात मोठा तलाव.

इथली शेती दोन हंगामांची. पावसावरचं मोठं पीक ऑक्टोबरात पेरून जानेवारी-फेब्रुवारीत कापायचं. उन्हाळ्यातलं लहान पीक तलावाच्या पाण्यावर, आणि किती एकराला पाणी द्यायचं हे दरवर्षी पातळी बघून शेतकऱ्यांच्या बैठकीत ठरतं. आता युद्धाच्या तारखा यावर ठेवून बघा. सप्टेंबर २००८ मध्ये सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदत संस्थांना वन्नी सोडायला सांगितलं. किलिनोच्चीवर तोफा पडू लागल्या त्या नेमक्या पेरणीच्या तोंडावर. ज्यांनी पेरलं ते पीक उभं सोडून उठले. नोव्हेंबरात निशा चक्रीवादळाचा पाऊस आला, तंबू आणि शेतं दोन्ही बुडाली. जानेवारीत लोंब्या भरल्या तेव्हा कापायला कोणी नव्हतं. पुढच्या चार महिन्यांची उपासमार इथे सुरू झाली, आणि पुढच्या वर्षीचं बियाणंही इथेच गेलं.

परतल्यावर काय लागलं? शेतातले सुरुंग काढल्याचा दाखला, मग बांध, मग बैल किंवा दुचाकी ट्रॅक्टर, मग बियाणं. यांतलं एक अडलं की हंगाम हुकतो, आणि हंगाम हुकला की सहा महिने कर्जावर. पुढे गावोगाव सूक्ष्मकर्ज कंपन्या आल्या. आठवड्याचा हप्ता आणि सहा महिन्यांचं पीक यांचा मेळ बसत नाही, हे उघड आहे. तरी कर्जं दिली गेली, कारण वसुलीला घरात बाई एकटी असते आणि ती पळून जात नाही. २०१८ मध्ये दुष्काळी जिल्ह्यांतल्या बायकांची १ लाख रुपयांपर्यंतची अशी कर्जं सरकारनं माफ करण्याची घोषणा केली, त्यावरून आवाका कळतो.

संध्याकाळी कंदस्वामी मंदिरापाशी जावं. बेपत्ता माणसांच्या नातेवाइकांनी २० फेब्रुवारी २०१७ रोजी इथे रस्त्याकडेला बसायला सुरुवात केली. फोटो घेऊन बसलेल्या बहुतेक आया आहेत. उत्तरं न मिळता त्यांतल्या कित्येक जणी वारल्या आहेत.

कागदांचं हे प्रकरण नीट सांगायला हवं, कारण बाकी सगळं त्याला अडकलेलं आहे. नवरा २००९ पासून सापडत नाही. जमीन त्याच्या नावच्या सरकारी परवान्यावर. वन्नीतल्या वसाहती भूमिहीनांना अशा परवान्यांवरच दिल्या गेल्या. परवाना नावावर करून घ्यायला मृत्यूचा दाखला लागतो. २०१० च्या कायद्यानं युद्धात वर्षाहून अधिक काळ बेपत्ता असलेल्याचा मृत्यू नोंदवायची सोय झाली, पण दाखला घेणं म्हणजे तो मेला हे आपण लिहून देणं, आणि मग चौकशी कसली मागायची? म्हणून बायकांनी घेतला नाही. २०१६ मध्ये कायदा बदलून ‘अनुपस्थितीचा दाखला’ आला. मेला असं न लिहिता त्याच्या नावचे व्यवहार करता येतील, अशी ती तरतूद. त्यासाठी ग्रामसेवकाचं पत्र, तक्रारीची पावती, विवाहाची नोंद, ओळखपत्राची प्रत. आणि हे कागद कुठे आहेत? पुष्कळांचे ते शुक्रवारी जिथे जायचं त्या खाडीच्या पाण्यात गेले. मार्च २०२२ मध्ये अशा दाखल्यावर एकरकमी १ लाख रुपये देण्याचं ठरलं; आंदोलनातल्या आयांनी ते नाकारलं. पैशाची गरज त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला होती?

गुरुवार: परंतन, धर्मपुरम, विश्वमडु, उडयारकट्टू

परंतन नाक्यावर ए-९ सोडून उजवीकडे ए-३५. नाक्यापाशीच जुन्या रसायन कारखान्याचा सांगाडा. इथून मुल्लैतीवू ५० किलोमीटरच्या आसपास; आज बसनं दीड-दोन तास. २००८-०९ मध्ये हेच अंतर कापायला माणसांना महिने लागले आणि दर काही किलोमीटरवर मुक्काम मोडावा लागला.

किलिनोच्चीहून निघताना लोकांनी घर सोबत घेतलं होतं. छपराचे पत्रे, कौलं, दारं-खिडक्यांच्या चौकटी, कोंबड्या, भाताची पोती, सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. गायी हाकत. चौकटी का? सागाची चौकट ही घरातली सगळ्यात महाग वस्तू, आणि मागे ठेवली तर ती कोणीतरी जाळणार हे आधीच्या विस्थापनांनी शिकवलेलं. धर्मपुरमपर्यंत हे सगळं आलं. तिथे पत्रे ठोकून खोपटं उभी राहिली, शाळा झाडाखाली भरल्या. विश्वमडूपर्यंत गायी आल्या. पुढे चारा नाही, पाणी नाही, म्हणून दावं कापून सोडून दिल्या. डिझेल संपलं तसे ट्रॅक्टर रस्त्याकडेला राहिले. मग सायकली: हँडलला पिशव्या, कॅरिअरवर म्हातारं माणूस. सायकलीची ट्यूब पंक्चर झाली की ठिगळाला रबर नाही, म्हणून चाकात पेंढा भरून ढकलायची.

प्रत्येक थांब्यावर पहिलं काम खंदक खणणं. वन्नीत प्रत्येक घरामागे, शाळेमागे खंदक असेच. लहान मुलालाही त्याची रीत ठाऊक होती. साधारण तीन फूट रुंद, छातीइतका खोल, आणि ‘एल’ आकारात वळवलेला. वळण अशासाठी की तोंडाशी स्फोट झाला तर किरचा आणि हवेचा दाब सरळ आत शिरू नये. वर ताडाच्या खोडांची आडवी रांग, त्यावर मातीची पोती. विश्वमडूच्या लाल कडक मातीत असा खंदक उभा राहतो. पुढे किनाऱ्याच्या वाळूत तो राहिला नाही.

या रस्त्यावरची दुसरी लूट पोरांची. एलटीटीई घरटी एक माणूस मागत होती; २००८ च्या अखेरीला एकाहून अधिक, आणि वय पाहिलं जात नव्हतं. आयाबाप पोरांना भाताच्या कणगीत, पिंपात, जमिनीतल्या खड्ड्यात लपवत. लग्न झालेल्यांना नेत नाहीत म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींची घाईनं लग्नं लावली, आणि नंतर तीही सवलत उरली नाही. या लग्नांची नोंद झालीच नाही. त्यातून जन्मलेल्या मुलांच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव लागेना, शाळेत घालताना अडचण. विशीच्या आत विधवा झालेल्या या मुली आज पस्तिशीकडे आल्या आहेत. पळून सरकारी हद्दीकडे जाणाऱ्यांवर एलटीटीईनं गोळ्या चालवल्या, हेही याच गावांतली माणसं सांगतात, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनंही ते नोंदवलं.

उडयारकट्टू आणि सुदंदिरपुरम हे पहिल्या ‘गोळीबारमुक्त क्षेत्रा’त होते. २१ जानेवारी २००९ ला सरकारनं ते जाहीर केलं, विमानातून पत्रकं टाकून लोकांना तिथे जायला सांगितलं. लोक गेले. त्याच आठवड्यात तिथे तोफगोळे पडले, अन्नवाटपाच्या जागी आणि तात्पुरत्या दवाखान्यापाशीही. धान्याचा रस्त्यानं आलेला शेवटचा ताफाही त्याच महिन्यातला.

शुक्रवार: पुदुक्कुडियिरुप्पू, मात्तळन, मुळ्ळिवाय्क्काल

पुदुक्कुडियिरुप्पूच्या रुग्णालयावर फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा पुन्हा मारा झाला आणि ते रिकामं करावं लागलं. गावाबाहेर तळ्याच्या मधोमध सैन्याचं विजयस्मारक आहे, हातात बंदूक आणि झेंडा घेतलेला सैनिक. तिथे पर्यटकांच्या बस थांबतात. थांबलं नाही तरी चालेल.

पुदुमात्तळनपासून मुळ्ळिवाय्क्कालपर्यंत एका बाजूला बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूला नंदिकडल ही खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. १२ फेब्रुवारीला हे दुसरं ‘गोळीबारमुक्त क्षेत्र’ ठरलं. लाखो माणसं या पट्टीवर. एलटीटीईच्या तोफा त्यांच्या मधोमध, सरकारी तोफा तीन बाजूंनी.

वाळूत खंदक कसा खणणार? दोन-तीन फुटांवर पाणी लागतं. कडा उतरत्या ठेवाव्या लागतात, म्हणजे खड्डा रुंद होतो आणि वरचं छप्पर लांब लागतं. ताडमाडाची खोडं तर आधीच संपलेली. पोती नाहीत. तेव्हा बायकांनी साड्या फाडून पिशव्या शिवल्या, त्यात वाळू भरली आणि कडेनं रचल्या. लग्नातल्या कांजीवरमसुद्धा. रेशीम चिवट असतं, वाळू धरून ठेवतं. २००९ नंतर इथे आलेल्यांनी पाहिलं ते हेच: वाळूत अर्ध्या गाडलेल्या रंगीत साड्यांच्या पिशव्या, मैलभर. या खंदकाचा दोष असा की गोळा जवळ पडला, तर किरच लागली नाही तरी भिंत आत ढासळते आणि माणसं वाळूखाली गुदमरतात. बाहेर काढणारे हात तेवढ्या वेळात पोचले तर वाचली. विधी करून पुरायला वेळ नसे. पुष्कळांना त्यांच्या खंदकातच वाळू लोटून ठेवलं आणि पुढे सरकले.

दवाखाना शाळेत. भूल संपलेली, रक्तपिशव्या संपलेल्या. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसनं १० फेब्रुवारीपासून जखमींना बोटीनं काढायला सुरुवात केली; ९ मेपर्यंत जवळजवळ १४,००० जखमी आणि सोबतचे नातेवाईक त्रिंकोमाली आणि पुल्मोड्डैला पोचले. पुल्मोड्डैला भारताचं वैद्यकीय पथक होतं. मोठी बोट किनाऱ्याला लागत नसे, मासेमारांच्या लहान होड्यांतून झोळीसकट माणूस वर चढवावा लागे, आणि समुद्र खवळला की फेरी रद्द. एका जखमीबरोबर एकच नातेवाईक. आईनं कोणत्या मुलाबरोबर जायचं, हे किनाऱ्यावर ठरे.

खायला कंजी, म्हणजे तांदळाची पेज. मे महिन्यात, १२ ते १८ तारखेच्या आठवड्यात, आजही उत्तर-पूर्वेत चौकाचौकांत ती शिजवून वाटतात. कृती एवढीच: एका मापाला दहा-बारा मापं पाणी, तांदूळ फुटेपर्यंत शिजवायचे, मीठ घालायचं. एरवी कंजीत नारळाचं दूध, पालेभाजी पडते. या कंजीत काही नाही, आणि ती करवंटीतून देतात. २००९ मध्ये मीठही समुद्राच्या पाण्याचं. त्या पाण्यानं तहान वाढते आणि गोडं पाणी उथळ वाळूतल्या खड्ड्यांचं, शेजारी संडास नाहीत. जुलाब त्यामुळे आवरेनात. मे २०२४ मध्ये सम्पूरला ही कंजी वाटल्याबद्दल बायकांना अटक झाली होती, म्हणून वाटप चालू असलेल्या ठिकाणी कॅमेरा बाहेर काढण्याआधी विचारावं.

शेवटपर्यंत बायकांच्या छातीशी एक वस्तू राहिली: कागदांची प्लास्टिकची पिशवी. जन्मदाखले, ओळखपत्रं, जमिनीचा परवाना, दहावीचं प्रमाणपत्र, मेलेल्याचा एखादा फोटो. पत्रे, गायी, सायकल, भांडी सुटली, पिशवी सुटली नाही. २० एप्रिलला सैन्यानं मात्तळनचा, एलटीटीईनं घातलेला मातीचा बांध फोडल्यावर लाखभर माणसं खाडीतून चालत पलीकडे गेली, तेव्हा पाणी छातीपर्यंत होतं. मूल डोक्यावर घ्यायचं की पिशवी? ज्यांनी मूल घेतलं त्यांच्या पिशवीत पाणी शिरलं. शाई उतरली, लॅमिनेशन केलेले कागद तेवढे वाचले. म्हणूनच आज तिथल्या कुठल्याही घरात गेलं तर दाखल्याचा प्रत्येक कागद लॅमिनेट केलेला दिसेल.

शेवट १८ मेच्या आसपास, वट्टुवाकलच्या पुलावर. या अरुंद पुलावरून उरलेली माणसं बाहेर पडली. पुष्कळ बायकांनी नवऱ्यांना, मुलांना इथे स्वतःच्या हातांनी, माफीच्या आश्वासनावर, सैन्याच्या ताब्यात दिलं. त्यांना बसमध्ये बसताना त्यांनी पाहिलं आहे. त्यांचा प्रश्न त्यामुळे साधा आहे: ती बस कुठे गेली?

किती मेले? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं २०११ मध्ये ४०,००० पर्यंत नागरिक मेले असू शकतात असं लिहिलं. मन्नारच्या बिशपांनी सरकारी कचेऱ्यांचेच लोकसंख्येचे आकडे मांडून १,४६,६७९ माणसांचा हिशेब लागत नाही, असं सरकारी आयोगासमोर सांगितलं. मुळ्ळिवाय्क्कालला सरकारी स्मारक नाही. आहे ते लोकांनी उभारलेलं.

शनिवार: केप्पापिलवू, मुल्लैतीवू

नंदिकडलच्या दुसऱ्या काठानं केप्पापिलवू. मेनिक फार्मची शेवटची कुटुंबं या गावची. २०१७ च्या सुरुवातीला त्यांतल्या एका वाडीच्या बायकांनी सैन्याच्या छावणीच्या फाटकासमोर रस्त्यावर ठाण मांडलं, महिनाभर दिवसरात्र बसल्या आणि १ मार्चला जमीन सुटली. नंतर आणखी काही तुकडे सुटले, सगळे नाहीत. जमीन परत मिळते म्हणजे काय मिळतं? मेर नसलेलं रान. विहीर बुजलेली किंवा तेल मिसळलेली. फणस, नारळ, आंबा यांतलं लष्कराच्या बांधकामाला आडवं आलेलं झाड तोडलेलं. नारळ पुन्हा लावला तर फळाला पाच-सहा वर्षं, ताडाला पंधरा-वीस.

घरांसाठी भारत सरकारची योजना मोठी होती: उत्तर-पूर्वेत ४६,००० घरं, घरटी साडेपाच लाख श्रीलंकी रुपये, मालकानं स्वतः बांधायचं आणि पाया, भिंत, छप्पर अशा टप्प्यांवर हप्ता. चांगली योजना, ठेकेदाराच्या घरांपेक्षा किती तरी बरी. अडचण अशी की सगळीकडे एकदमच बांधकाम निघाल्यानं वाळू, विटा आणि गवंडी महागले. हप्ता पुढच्या टप्प्याच्या तपासणीनंतरच येई, म्हणून मधल्या काळाचा पैसा उसना काढावा लागे. एकट्या बाईला रेतीचा ट्रक आणायलाही कोणाची तरी मिनतवारी. भिंती झाल्या, दारं नाहीत अशी घरं म्हणून दिसतात.

मुल्लैतीवूला समुद्रावर मासळी उतरते ती पहाटे. २००४ च्या त्सुनामीनं हा किनारा धुऊन नेला होता. होड्या पुन्हा मिळाल्या, त्या चार-पाच वर्षांनी युद्धात गेल्या. तिसऱ्यांदा घेतलेल्या होड्यांचं कर्ज आहे, आणि रात्री तमिळनाडूचे ट्रॉलर येऊन तळ खरवडतात, जाळी तोडतात. आपण भारतीय म्हटल्यावर हे ऐकावं लागतं, आणि ते ऐकून घ्यावं.

दक्षिणेला कोक्कुत्तोडुवाय इथे जून २०२३ मध्ये पाण्याची पाइपलाइन खणताना हाडं निघाली. उत्खननात ५२ सांगाडे मिळाले.

रविवार: मुहमालै, जाफना

परत परंतन, तिथून उत्तरेला आनैयिरवु, म्हणजे एलिफंट पास, आणि मुहमालै. २००० पासून २००८ पर्यंत दोन्ही सैन्यांच्या खंदकरेषा इथे समोरासमोर होत्या. जगातल्या सर्वात दाट सुरुंगपट्ट्यांपैकी हा एक. कवटीच्या खुणेच्या लाल पाट्या दिसतात. पाटीपलीकडे पाऊल नाही, लघवीलाही नाही.

काढणाऱ्यांत खूप बायका आहेत, कित्येक युद्धविधवा, कारण महिन्याचा ठरलेला पगार देणारं दुसरं काम इथे नाही. एक मीटर रुंदीची पट्टी आखतात. सैन्याचे ‘पी-४’ सुरुंग प्लास्टिकचे, धातू जवळजवळ नाही, म्हणून नुसत्या डिटेक्टरवर भागत नाही. मग दाताळ्यानं काम: जड दाताळ्यानं समोरची माती सैल करायची, हलक्यानं ती आपल्याकडे ओढून बाजूला करायची. सुरुंग वरून दाब पडला की फुटतो; कडेनं ओढला तर सहसा नाही, हे या रीतीचं मर्म. ताडाची मुळं दाताळ्यात अडकतात, तिथे घाई झाली की अपघात. एलटीटीईचे ‘जॉनी ९५’ लाकडी डबीचे. वाळवीनं लाकूड खाल्लं तरी आतली स्फोटकं आणि डेटोनेटर तसेच राहतात, आणि आता तर आकारही उरलेला नाही. श्रीलंका सुरुंगबंदी करारात डिसेंबर २०१७ मध्ये सामील झाली. २०२८ ही मुदत.

पाय गेलेल्यांसाठी जाफन्यात जयपूर फूटचं केंद्र १९८७ पासून आहे. उरलेल्या पायावर प्लास्टरची पट्टी गुंडाळून साचा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतून पायाची प्रत करायची, एचडीपीई या चिवट प्लास्टिकचा पाइप तापवून तिच्यावर चढवायचा, खाली रबरी पाऊल. उकिडवं बसता येतं, अनवाणी चिखलात उतरता येतं, म्हणून भातशेतकऱ्याला हाच पाय चालतो. उन्हात घाम साचून टोकाला जखम होते, ती सुकेपर्यंत पाय काढून ठेवावा लागतो, म्हणजे मजुरी बुडाली. वाढत्या मुलाला साचा वारंवार बदलावा लागतो.

जाफन्यात मराठी माणसानं दोन गोष्टी माहीत असू द्याव्यात. २५ नोव्हेंबर १९८७ ला कंतरोडै इथे, भारतानं तेव्हा श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेतल्या महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेले, लढताना गेले; त्यांना परमवीरचक्र मिळालं. त्याच्या महिनाभर आधी, २१ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, भारतीय शांतिसेनेचे जवान जाफना रुग्णालयात शिरले आणि डॉक्टर, परिचारिका, रुग्ण धरून ६० हून अधिक जण मारले गेले. रुग्णालयात त्यांची स्मृती दरवर्षी पाळतात. पहिली गोष्ट आपल्याकडे सांगतात, तिकडे दुसरी.

मुस्लिम वस्तीतही जावं. ३० ऑक्टोबर १९९० ला एलटीटीईनं जाफन्यातल्या मुसलमानांना दोन तासांत शहर सोडायला लावलं. उत्तरेतून ७०,००० हून अधिक माणसं हाकलली गेली, बहुतेक पुत्तलमला. पस्तीस वर्षांत तिकडे नवी पिढी वाढली, म्हणून परतलेली घरं थोडी, आणि मदतीच्या याद्यांत हे ‘जुने विस्थापित’ कायम मागे.

शहराच्या वेशीवर चेम्मणि. २०२५ मध्ये तिथल्या स्मशानाजवळच्या उत्खननात दोनशेहून अधिक सांगाडे निघाले, त्यांत मुलांचेही. ऑगस्टमध्ये न्यायालयाच्या आदेशानं सोबत सापडलेल्या वस्तू, कपडे, चपला, शाळेची पिशवी, ओळख पटवायला लोकांसमोर मांडल्या होत्या.

परतीला जाफना–कोलंबो रेल्वे आहे. युद्धात या मार्गाचे रूळ आणि स्लीपर उखडून खंदकांच्या छपरांना गेले. भारताच्या इरकॉननं मार्ग पुन्हा घातला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये गाडी जाफन्याला आली. निघण्याआधी तिरुनेल्वेलीच्या बाजारातून ताडगूळ घ्यावा, ताडाच्या पानांच्या छोट्या विणलेल्या डबीतला. वन्नीतून आलेल्या बायका सुकी मासळी आणि ओडियल, म्हणजे ताडाचे वाळवलेले कंद, विकतात. भाव करू नये. ओडियल कुटून पीठ करायचं आणि पाणी एक-दोनदा बदलून घ्यायचं, नाहीतर कडवट लागतं.